भिंतीवरच्या अध्यक्षबाई

"नाव छापलंय ना गो माझं!" असं म्हणून काकू उजव्या हाताचा अंगठा खांद्यावरून मागे, भिंतीच्या दिशेने नाचवायच्या. वळून बघायच्या नाहीत. साडी घट्ट खोचलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आता कोण काय बोलतं ते बघू. मग ज्याने कुणी त्यांना छेडलेलं असायचं तो हसत हसत निघून जायचा आणि काकू परत पिशव्यांचे गठ्ठे बांधायला लागायच्या.

ती भिंत तुम्हीही पाहिली असेल. कुठल्याही कारखान्यात, ऑफिसात असते. पाहिली म्हणजे तिच्यासमोरून गेला असाल. किमान वेतन, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, 'येथे बालकामगार ठेवले जात नाहीत', आग लागली तर कुठून पळायचं. आणि एका कोपऱ्यात, बायकांना कुणी त्रास दिला तर तक्रार घेणाऱ्या समितीची नावं आणि फोन नंबर. बारीक अक्षर, वर लॅमिनेशन, त्यावर ट्यूबलाइट अशी चमकते की वाचायला जावं तर आपलंच तोंड दिसतं. कायदा म्हणतो लावा, म्हणून लावायचे. वाचा असं कायदा कुठे म्हणतो?

आमचा गाळा अंधेरी पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर. हॉटेलच्या खोलीत तुम्हाला इवलासा साबण, शाम्पूची बाटली आणि कंगवा मिळतो ना (आणि तुम्ही तो गुपचूप बॅगेत टाकता, उगाच मान हलवू नका), त्याचं पॅकिंग आमच्याकडे होतं. मी डिस्पॅचला, म्हणजे माल बाहेर जाताना चलन फाडायचं आणि टेम्पोवाल्यांशी भांडायचं. काकू पॅकिंगच्या सुपरवायझर. त्यांच्या हाताखाली सगळ्या बायका-मुली, साकीनाका, कुर्ला, गोवंडी, मानखुर्दहून येणाऱ्या.

एकदा एका मोठ्या हॉटेलवाल्यांनी सांगितलं, ऑर्डर देऊ, पण आधी आमचे लोक येऊन कारखाना तपासतील. शेठची धावपळ उडाली. त्यांनी एक कन्सल्टंट बोलावला. तो काखेत पोस्टरांच्या गुंडाळ्या घेऊन आला आणि त्याने सकाळभरात भिंत भरून टाकली. तिथलं कॅलेंडर आणि साईबाबा पाण्याच्या कूलरवर गेले. खिळे कोणी ठोकले? आमच्या मॅनेजरने. शेठचा सख्खा मेहुणा तो. स्टुलावर चढून हौसेने ठोकत होता.

समितीच्या पोस्टरवर नावांच्या जागा रिकाम्या होत्या. कन्सल्टंट म्हणाला, "अध्यक्ष लेडीज पाहिजे. सीनिअर." शेठनी इकडेतिकडे पाहिलं. काकू नेमक्या सेलोटेप संपली म्हणून सांगायला आलेल्या. "यांचं टाका," शेठ म्हणाले. झाली निवडणूक. दुसरी जागा अकाउंटंटला. बाहेरची एक समाजसेविका लागते म्हणे, तर कन्सल्टंटने तिथे स्वतःच्या बायकोचं नाव घातलं. घरचं कार्य असल्यासारखं सगळं आटपलं.

"पण मी करायचं काय असतं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही हो. फोटोपुरतं."

दोन दिवसांनी पक्कं पोस्टर आलं. काकूंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि आपल्या नावासमोर किती तरी वेळ उभ्या राहिल्या. मी विचारलं, "काय काकू, स्पेलिंग चुकलंय?" तर म्हणाल्या, "नाय गो. माझं नाव एकदाच छापलेलं. लग्नपत्रिकेत. आणि दुसऱ्या दिवशी सासरच्यांनी ते बदललं." मी आपली चहा आणायला गेले.

काकू घाटकोपरच्या भटवाडीतल्या. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरातल्या पोरींनी मिळेल ते काम धरलं, तसं काकूंनी पॅकिंग धरलं ते आजपर्यंत. गाव मालवणकडे, वर्षातून एकदा गणपतीला जायचं. बोलणं आमच्यासारखंच मुंबईचं, पण राग आला किंवा माया आली की 'गो' आणि 'मगे' बाहेर पडायचं. राग आणि माया दोन्ही भरपूर असल्याने ते सारखंच बाहेर पडायचं.

तर या बाईने ते पोस्टर वाचलं. नुसतं वाचलं नाही, मनावर घेतलं. पहिलं इंग्रजीत होतं, म्हणून कन्सल्टंटला फोन करकरून मराठी मागवून घेतलं. मग रोज डबा खाताना थोडं थोडं बायकांना वाचून दाखवायला लागल्या. ज्यांना मराठी कळत नाही त्यांच्यासाठी त्यांचं स्वतःचं भाषांतर असायचं. "मतलब समझो, कोई हाथ लगाया, कुछ गंदा बोला, तो चुप नहीं बैठनेका. मेरेको बोलनेका. मेरा नाम छपेला है." बायका हसायच्या. एक जण म्हणाली, "काकू, मेरा मरद रोज गंदा बोलता है, उसका?" काकू गंभीरपणे म्हणाल्या, "तो आपल्या गाळ्यात येत नाही ना. नायतर बघितलं असतं."

पोस्टरवर त्यांचा मोबाइल नंबर होता, त्याने धमाल उडवली. बायका नळाच्या भांडणापासून रेशन कार्डापर्यंत सगळ्यासाठी काकूंना फोन करायच्या. एका रविवारी हॉटेलवाल्यांच्या तपासनीस बाईने नंबर खरा आहे का बघायला फोन लावला, तेव्हा काकू मासळीबाजारात. मला सोमवारी साग्रसंगीत सांगितलं त्यांनी. "ती इंग्लिशमधून विचारतेय, तुम्ही प्रिसायडिंग ऑफिसर काय? मी म्हटलं, येस, मीच. इकडे कोळीण म्हणते, घेतेस की जातेस? मी म्हटलं, थांब गं, ऑफिसचा फोन आहे! तर ती कोळीण लगेच गप्प. दोन बोंबील वर घातलेन."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मशिनींची पूजा होते. सीलिंगची मशीन, वजनकाटा, कातऱ्या, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. त्या वर्षी काकूंनी पोस्टरलाही कुंकू लावलं आणि माळ घातली. मॅनेजर म्हणाला, "काकू, फोटोला हार घालतात, माणूस गेल्यावर." सगळे खो खो हसले. काकू शांतपणे म्हणाल्या, "मशीन जशी कामाची, तसं हे पण कामाचं. कामाच्या वस्तूला कुंकू लागतं." मलाही तेव्हा हसूच आलं होतं. बाई जरा अतीच करते असं वाटायचं, काय खोटं सांगू.

स्टिकर लावायला एक मुलगी होती. मानखुर्दची. वीस-एकवीसची असेल. वडील नाहीत, भाऊ रिक्षा चालवतो, आई धुणीभांडी करते. हात असा सरळ, की बाटलीकडे न बघता स्टिकर लावायची आणि एकही तिरका जायचा नाही. काकूंची फार लाडकी. काकू तिला 'बाय' म्हणायच्या, आणि आपल्या डब्यातलं सोलकढीचं भांडं आधी तिच्याकडे सरकवायच्या.

ती मुलगी हळूहळू डबा खाईनाशी झाली. स्टिकरचे रोल आतल्या स्टॉकरूममध्ये असतात. त्या खोलीला खिडकी नाही. रोल आणायला कुणी जायचं ते मॅनेजर ठरवायचा, आणि तो हिलाच पाठवायला लागला. पुढचं मी सांगायला नको. असल्या गोष्टी तुम्हालाही कळतात, मलाही कळत होत्या, पण कळणं आणि कुणाच्या तोंडून ऐकणं यात फरक असतो. ऐकलं काकूंनी. दुपारी, माळ्यावर जायच्या जिन्याखाली, दोघीच बसल्या होत्या.

नंतर काकू माझ्या टेबलाशी आल्या. ओठ पांढरे पडलेले. "एक कोरा कागद दे गो. आणि कशाला ते विचारू नको."

मुलगी लिहायला तयार नव्हती. नोकरी जाईल, भाऊ मारेल, गल्लीत तोंड दाखवता येणार नाही, ही तिची भीती. काकू रोज तिला समजवायच्या. पोस्टरवरचं एकेक वाक्य सांगायच्या. तक्रार करणारीचं नाव गुप्त ठेवायचं. तक्रार केली म्हणून तिला त्रास द्यायचा नाही. "तुझी नोकरी कुठे जाणार नाय. मी आहे ना अध्यक्ष. माझा शब्द आहे तुला." शेवटी पोरीने लिहून दिलं. दोन ओळी. काकूंनी तो कागद ब्लाउजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चांगली इस्त्रीची साडी नेसून शेठच्या केबिनमध्ये गेल्या.

बैठक झाली. गुप्त बैठक, शेठच्या काचेच्या केबिनमध्ये, भर दुपारी, आख्ख्या पॅकिंगसमोर! अरे, निदान एक पडदा तरी लावा. पण आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. केबिनची काच छतापर्यंत पोचत नाही आणि माझं टेबल तिला लागून. मी कान बंद केले असते तरी ऐकू आलं असतं.

कन्सल्टंटची बायको पहिल्यांदाच आमच्या गाळ्यात पाऊल ठेवत होती. तिने पर्समधून रुमाल काढून खुर्ची पुसली आणि विचारलं, "तू एकटी का गेलीस पण आत?"

"सरांनी रोल आणायला पाठवलं."

"मग दार उघडं ठेवायचं ना."

"सरांनी लावलं."

"ओरडलीस का?"

अकाउंटंट पंख्याकडे बघत होता. काकू म्हणाल्या, "मॅडम, हे विचारायचं आपण त्याला, तिला नाय." मग मॅनेजरला बोलावलं. तो हसतच आला. "मुलीसारखी आहे हो मला," म्हणाला, आणि शेठकडे बघून म्हणाला, "दाजी, हे काय लावलंय?" काकू उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दाजी घरी. इथे समिती बसलीय." वाटलं, जिंकते की काय ही बाई.

कसलं काय. संध्याकाळपर्यंत सगळ्या इस्टेटीला कळलं. खालच्या गाळ्यात मुलीच्या गल्लीतला एक जण होता, त्याने रात्रीच्या आत भावाच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तिसऱ्या दिवशी भावाबरोबर आली. गालावर वळ होता. भाऊ म्हणाला, "आम्हाला नाव खराब नाय करायचं." कन्सल्टंटने मजकूर तयारच ठेवला होता. गैरसमज झाला होता, तक्रार मागे घेत आहे. मुलीने सही केली. काकूंकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

आता समितीने खाली सह्या करायच्या. दोघांनी फटाफट केल्या. काकू हात मांडीवर ठेवून बसल्या.

"काकू, कर दो ना साइन. बात खतम," शेठ म्हणाले.

"मी ऐकलंय तिच्या तोंडून. झालं नाय असं कसं लिहू?"

"लड़की खुद बोल रही है."

"लड़की के गाल पे देखो, शेठ."

शेठ वाईट माणूस नाही, असं लोक म्हणतात. दिवाळीला मिठाई देतो, कुणाचं ऑपरेशन असलं तर मदत करतो. तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "वो बोर्ड तो ऑडिट के लिए था, काकू. आपने सीरियसली ले लिया."

"मग माझं नाव कशाला छापलात?"

काकूंनी सही केली नाही, आणि त्यांच्या सहीवाचून काही अडलंही नाही. महिन्याभरात हॉटेलवाल्यांची माणसं आली, भिंतीचे फोटो काढले, तक्रारींची संख्या निरंक लिहिली, सगळं झकास म्हणून गेली. ऑर्डर मिळाली. पेढे वाटले. मी घेतला नाही म्हणून मॅनेजरने विचारलं, डाएट का? माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी गिळली, कारण घरात दोन पोरं आहेत माझ्या.

मुलीला परत घेतलं नाही. वातावरण बिघडेल, म्हणे.

काकूंनी दिलेला शब्द त्यांना झोपू देईना. एका सुट्टीच्या दिवशी म्हणाल्या, "चल गो माझ्याबरोबर मानखुर्दला. मी तिला परत आणते. शेठच्या वर लेबर ऑफिस आहे, बायकांच्या संस्था आहेत. अजून संपलं नाय." घाटकोपरहून आम्ही बसने गेलो. काकूंनी सोबत सोलकढीची बाटली घेतली होती, फडक्यात गुंडाळून. त्या पत्र्याच्या घरात मुलगी जमिनीवर बसून मण्यांच्या माळा ओवत होती. आई दारातच उभी राहिली. बसा म्हणाली, पण सरकली नाही. आम्ही उंबऱ्यावर टेकलो.

काकू बोलायला लागल्या. लेबर ऑफिस, संस्था, वकील फुकट मिळतो. मुलगी ऐकत होती, हात चालूच. मग मान वर न करता म्हणाली, "काकू, तुम्ही ते वाचून दाखवलं नसतं ना, तर मी गप्प बसले असते. त्रास झाला असता, पण नोकरी राहिली असती. इथे आता मला घराबाहेर सोडत नाहीत. भाऊ स्थळ बघतोय, कुठलंही."

आई म्हणाली, "झालं ना ऐकून? जा आता." काकूंनी बाटली उंबऱ्यावर ठेवली. आईने ती उचलून परत त्यांच्या हातात दिली.

परतीच्या बसमध्ये मी खूप बडबडले. त्या मॅनेजरला, शेठला, कन्सल्टंटला, त्याच्या रुमालवाल्या बायकोला, सगळ्यांना शिव्या घातल्या. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. देवनारच्या कचऱ्याचा वास येत होता, तरी त्यांनी नाकाला पदर लावला नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे गो. तिला भरीला मी पाडलं."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

"चांगल्यासाठी केलं म्हणून तिचा भाऊ थांबतोय काय?"

काकू त्यानंतर कामाला येत होत्या, पण काकू राहिल्या नव्हत्या. डबा एका कोपऱ्यात खायच्या. कुणी छेडलं तर मान हलवायच्या आणि गठ्ठे बांधायच्या. मी मुद्दाम एकदा म्हटलं, "काय अध्यक्षबाई?" तर असं बघितलं त्यांनी माझ्याकडे, की परत तो शब्द मी काढला नाही. मला फार वाईट वाटायचं. घरी भाकरी थापताना मध्येच त्यांचा चेहरा यायचा आणि डोळ्यात पाणी यायचं. नवरा म्हणायचा, कांदा चिरतेस काय? कांदा नसायचा तरी हो म्हणायचे.

मग शेठनी त्यांची बदली भिवंडीच्या गोडाऊनला केली. घाटकोपरहून रोज भिवंडी, या वयात! सगळ्यांना कळत होतं की हे घालवणं आहे. काकूंनी भांडण केलं नाही, राजीनामा दिला. मी म्हटलं, "लढा ना काकू, हे पण बेकायदेशीर आहे." त्या नुसत्या हसल्या. असं कोरडं हसणं मी त्यांचं आधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी पॅकिंगच्या बायकांनी त्यांची ओटी भरली. खण, नारळ, गजरा. मुसलमान बायकांनीही खण दिले, एकीने तर आपल्या हाताने गजरा माळला. रडारड झाली. मॅनेजरसुद्धा येऊन, "काकू, आशीर्वाद द्या," म्हणून वाकला. काकूंनी पाय मागे घेतले.

सगळ्या कामाला लागल्यावर काकू पिशवी उचलून जिन्याशी आल्या. मी चलन घेऊन तिथेच होते, त्यांना खालपर्यंत पोचवावं म्हणून थांबले होते. तेवढ्यात स्टिकरवर नव्याने लागलेली गोवंडीची मुलगी मागून धावत आली. मला वाटलं, पाया पडायला आली. तिने काकूंचा हात धरला आणि काही तरी पुटपुटली. मला फक्त 'सर' आणि 'स्टॉकरूम' एवढंच ऐकू आलं.

काकू एकदम थकल्यासारख्या दिसल्या. पिशवी खाली ठेवली.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. तुम्हालाच."

"मग आता नको सांगूस."

"पण काकू, सगळ्या बोलतात, तुम्हीच सांगायच्या, गप्प नाही बसायचं म्हणून."

"होय बाय. चुकलं माझं." काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "दुसरीकडे काम बघ. मिळेपर्यंत दार उघडं ठेवून उभी राहा." आणि पिशवी उचलून जिना उतरायला लागल्या. मी हाक मारली. त्यांनी हात वर केला, येऊ नको अशा अर्थाने, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत वळणावरून दिसेनाशा झाल्या.

आतून मॅनेजरचा आवाज आला. "ए, रोल संपलेत इकडे. कोण आणतंय?"

मुलीने ओढणीने तोंड पुसलं आणि ती गेली. मी हातातलं चलन टेबलावर टाकलं आणि तिच्या मागोमाग स्टॉकरूममध्ये शिरले, मला पण सुतळी पाहिजे म्हणून. मॅनेजर आत उभा होताच, माझ्याकडे बघून म्हणाला, "घ्या ना, घ्या." मी सुतळी घेतली आणि मुलगी रोल घेऊन बाहेर येईपर्यंत दाराला टेकून उभी राहिले.

त्या दिवशी गेले. रोज कशी जाणार होते मी?